कोल्ड वॅक्स मीडियम: डब्यातलं मेण पॅनेलवर कसं वागतं

अमूर्त चित्रांत पोत आणणाऱ्या साहित्याला आज तोटा नाही. मॉडेलिंग पेस्ट, प्युमिस जेल, क्रॅकल पेस्ट अशा बरण्या ठेवायला फळी पुरत नाही. पण ही सगळी मंडळी बहुतेक अ‍ॅक्रिलिक कुळातली. लवकर वाळतात, आणि एकदा वाळली की त्यांच्यात पुन्हा हात घालता येत नाही. ज्याला तैलरंगाचे थर चढवायचे आहेत, ते अर्धवट घट्ट होईपर्यंत थांबायचं आहे आणि मग वरचा थर खरवडून खालचा रंग बाहेर काढायचा आहे, त्याच्यासाठी कोल्ड वॅक्स मीडियमच्या तोडीचं दुसरं काही नाही. मात्र या साहित्याच्या दोन अटी आहेत: खाली कडक पृष्ठभाग हवा आणि मेण रंगापेक्षा जास्त नको. भेगा पडल्या, वाळतच नाही, बोटाचे ठसे उमटतात, अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या दोनपैकी एक अट मोडण्यात असतं.

डब्यात असतं काय? मधमाशीचं मेण, ते मऊ ठेवणारा मिनरल स्पिरिटसारखा सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) आणि थोडं रेझिन (राळ). दिसायला पांढरट, लोण्यासारखी पेस्ट. ती ट्यूबमधल्या तैलरंगात कालवायची, गरम काही करायचं नाही, म्हणून नावात ‘कोल्ड’. हे मिश्रण दोन वेगवेगळ्या गतींनी घट्ट होतं, आणि याची सगळी गंमत तिथेच आहे. सॉल्व्हंट उडून जातो तसं मेण काही तासांपासून एक-दोन दिवसांत अंग धरतं. रंगातलं जवसाचं तेल मात्र हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश, आठवडे आणि महिने लावून पक्कं होतं. म्हणजे तेल अजून कच्चं असतानाच थर पुढचा थर पेलण्याइतका उभा राहतो. साध्या तैलरंगात ही सवड मिळत नाही. तिथे ओल्यावर ओलं लावलं तर चिखल होतो, आणि वाळायची वाट पाहिली तर खरवडण्याची वेळ निघून जाते.

चित्रात मेण ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स यांचं ‘फ्लॅग’ (१९५४–५५) गरम, वितळलेल्या मेणातलं आहे; त्या पद्धतीला एन्कॉस्टिक म्हणतात. ब्राइस मार्डन या दुसऱ्या अमेरिकन चित्रकाराने १९६०च्या दशकात वितळवलेलं मेण आणि टर्पेंटाइन तैलरंगात मिसळून एकरंगी कॅन्व्हास केले. त्यांना तैलरंगाची चकाकी नको होती. हव्या होत्या प्रकाश गिळणाऱ्या, जाडसर, मॅट पाट्या. सुरीने आणि स्पॅच्युलाने ते रंग ओढत आणि खालची एक पट्टी मोकळी सोडत, तिथे ओघळ जसेच्या तसे दिसतात. आजचं कोल्ड वॅक्स साधारण तोच मॅट, दाट परिणाम देतं, फक्त विस्तवाशिवाय. पण मेणाचा हळवेपणा दोन्हीकडे तोच. अशा पृष्ठभागावर बोट घासलं तरी चकाकीची रेघ उठते, हे विकत घेण्याआधीच पक्कं लक्षात ठेवावं.

तयार डब्यांत दोन नावं जास्त चालतात. गॅम्ब्लिनच्या कोल्ड वॅक्समध्ये मेणाबरोबर थोडं अल्किड, म्हणजे तेलापासून बनवलेलं कृत्रिम रेझिन आहे. डॉरलँड्स वॅक्स मीडियममध्ये मेणाला जोड आहे ती डॅमर या झाडाच्या रेझिनची (रस्त्यावरच्या डांबराशी त्याचा संबंध नाही). फरक छोटा वाटतो, पण कामात जाणवतो. अल्किड हवेने पक्कं होतं आणि मग सॉल्व्हंटला सहजी दाद देत नाही. डॅमर वाळल्यावरही सॉल्व्हंटमध्ये विरघळतं आणि काळाबरोबर पिवळं पडतं. फिकट, पांढऱ्या-राखाडी रंगसंगतीत अनेक थरांचं काम असेल तर अल्किडवालं घ्यावं. ज्याला पुन्हा पुन्हा सॉल्व्हंटने उघडायचं, पुसायचं, परत झाकायचं असं काम करायचं आहे, त्याला डॅमरवालंही चालेल. घरी मेण आणि टर्पेंटाइन मिसळून बनवण्याची कृती सर्वत्र सापडते. ती करू नये असंच सांगावंसं वाटतं. गरम मेणात ज्वलनशील सॉल्व्हंट ओतण्याचा धोका आहेच, शिवाय रेझिन नसल्यामुळे थर जास्त मऊ राहतो.

आता पृष्ठभाग. ताणलेला कॅन्व्हास हलतो. उचलताना, हवेतल्या ओलाव्याने, मागून हात लागला तरी. मेणाचं प्रमाण जास्त असलेला थर त्या हालचालीबरोबर वाकत नाही, तडकतो किंवा पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून मागे लाकडी चौकट मारलेलं प्लायवूड किंवा एमडीएफचं पॅनेल. त्यावर अ‍ॅक्रिलिक जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर २२० नंबरच्या सँडपेपरने हलकं घासणं आणि शेवटच्या हातानंतर किमान २४ तास थांबणं. एमडीएफच्या कडा उघड्या ठेवू नयेत. जेसोतलं पाणी पिऊन त्या फुगतात. जेसोऐवजी घरात उरलेला चकचकीत अ‍ॅक्रिलिक रंग मारायचा मोह होतो, तो टाळावा. जेसोत खडूसारखी भुकटी असते, त्यामुळे त्याला दात असतात आणि तो थोडं तेल शोषतो. गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकवर मेणमिश्रित रंगाला धरायला काही मिळत नाही आणि महिन्याभराने नखाने सोललं तरी निघतो. कागदावर करायचं तर ३०० जीएसएमचा जाड कागद घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी जेसो लावावा, नाहीतर तो पन्हाळीसारखा वळतो. काम पूर्ण झालं की कागद पॅनेलवर चिकटवून टाकावा.

प्रमाणाबद्दल थोडं सविस्तर, कारण चुकतं ते इथेच. डोळ्यांनी अंदाज घेतला की मेण नेहमी कमी वाटतं, कारण ते पांढरं आणि हलकं आहे, तर शेजारचा रंगाचा ढीग गडद आणि भारी दिसतो. म्हणून काचेवर दोन्हींचे ढीग पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) सारख्या चौकोनांत सपाट करावेत आणि मगच मोजावेत. एक भाग मेण आणि दोन भाग रंग असेल तर रंग मॅट होतो, थोडा घट्ट होतो, पण त्याचा जोर शाबूत राहतो. पातळ लावला तर हा थर कॅन्व्हासवरही चालून जातो. निम्मं-निम्मं हे पॅनेलवरच्या कामाचं खरं प्रमाण. सुरीची धार, रोलरची खवल्यासारखी खूण, कापडाची वीण, सगळं त्यात टिपलं जातं आणि बसून सपाट होत नाही. दोन भाग मेण आणि एक भाग रंग इथपर्यंत गेलं की थर दुधी, अर्धपारदर्शक होतो. एखाद्या जागी धुकं उतरवायला हे सुंदर आहे, पण संपूर्ण चित्र असं केलं तर ते वर्षानंतरही नखाला मऊ लागेल. मेण रासायनिकरीत्या पक्कं होत नाही. ज्या थराला बांधून ठेवायला पुरेसं तेलच नाही, तो शेवटपर्यंत मेणबत्तीच राहतो. एकदा प्रमाण ठरलं की सगळ्या थरांत तेच ठेवावं. मऊ थरावर निव्वळ, मेण नसलेल्या तैलरंगाचा जाड थर घातला की वरचा कडक होतो, खालचा सरकतो आणि भेग पडते.

कालवताना फेटू नये. सुरी सपाट धरून मिश्रण दुमडत जावं. फेटलं की हवा अडकते आणि थर बसल्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं उघडतात. गुळगुळीत पृष्ठभागावर ती फार खुपतात, खडबडीत जागी कळतही नाहीत.

रंगांच्या वाळण्यात फरक असतो आणि मेणाने तो मिटत नाही. रॉ अंबर, बर्न्ट अंबर यांच्यात मँगनीज आहे, ते लवकर धरतात. कॅडमियम, आयव्हरी ब्लॅक, क्विनाक्रिडोन रेंगाळतात. खाली क्विनाक्रिडोनचा जाड थर आणि वर अंबर असा उलटा क्रम लावला तर वरची साय आधी घट्ट होते, आत ओल राहते आणि खरवडताना साय फाटते. रेंगाळणारा रंग खाली हवाच असेल तर तो अगदी पातळ ओढावा किंवा त्यात चिमूटभर अंबर घालावा, रंगछटा परवडत असेल तर.

आता ज्यासाठी हे सगळं करायचं ते खरवडणं. पॅनेलवर पहिला थर तांबूस नारिंगी, निम्मं मेण, रबरी रोलरने उलटसुलट फिरवून. रोलर उचलताना चिकटतो आणि सोडतो, त्यामुळे बारीक खवले उठतात. तो दोन दिवस धरू द्यावा. त्यावर राखाडी-पांढऱ्याचा थर सिलिकॉनच्या रुंद पट्टीने एका दमात ओढावा, असा की खवल्यांमधल्या खाचा भरतील आणि वर पापुद्रा उरेल. आता थांबायचं. किती, ते घड्याळ सांगत नाही, हवामान आणि जाडी सांगते. बोटाचं पेर हलकेच टेकवून पाहावं: खूण उमटते पण पेराला रंग लागत नाही, ती वेळ. चामड्यासारखी ही अवस्था बहुधा दुसऱ्या दिवशी येते आणि काही तासच टिकते. पट्टीची सरळ कडा पृष्ठभागाशी तिरकी, साधारण ३० अंशांत धरून एकाच दिशेने ओढली की राखाडीच्या बारीक कुरळ्या सुरळ्या पट्टीवर जमतात. खवल्यांची टोकं मोकळी होऊन तिथे नारिंगी उघडतो. खाचांमध्ये राखाडी तसाच राहतो. दुरून पाहिलं तर राखाडी भिंतीच्या आत कुठेतरी निखारा असल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की कळतं, ते नारिंगीचे शेकडो ठिपके आहेत आणि एकही ब्रशने टाकलेला नाही.

हीच पट्टी पाच-सहा तासांत फिरवली तर दोन्ही थर एकत्र सरकतात आणि मातकट गुलाबी चिखल उरतो. आठवड्याने फिरवली तर पट्टी घसरते आणि फक्त ओरखडे उठतात. तेव्हा कापडाच्या बोळ्याला थोडा मिनरल स्पिरिट लावून वरचा थर मऊ करावा लागतो, पण त्याने उघडलेला रंग वेगळा दिसतो. कडा विरघळलेल्या असतात, कातरलेल्या नाहीत. ही चूक नाही, दुसरा परिणाम आहे. काय हवंय ते आधी ठरलेलं असलं म्हणजे झालं.

पट्टी प्रत्येक ओढीनंतर पुसायची. न पुसता दुसरी ओढ घेतली तर आधीच्या सुरळ्या पुन्हा थरात दाबल्या जातात आणि उघडलेले ठिपके बुजतात. कामाची सुरुवात करणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त होणारी ही चूक असावी.

थर काढून घेण्याचे इतर मार्गही आहेत. ताज्या थरावर बटर पेपर ठेवून कोरड्या रोलरने दाबला आणि एका कोपऱ्यातून सावकाश उचलला तर पानाच्या शिरांसारख्या उंच रेषा उठतात. वर्तमानपत्राचा कागद तेल शोषतो, म्हणून त्याने उचललेली जागा अधिक कोरडी आणि फिकट होते. त्याची शाई कधी कधी उतरते, तेवढं पाहावं. लावणं आणि काढून घेणं हे अमूर्त चित्रकलेचं जुनंच तंत्र आहे. वा. सु. गायतोंडे यांनी तैलरंगात रोलर आणि पॅलेट नाइफ यांच्या जोरावर जी खोली मिळवली, ती पाहिली की मेण हा शॉर्टकट नाही, हे स्पष्ट होतं. मेण फक्त वेळेची सवड वाढवतं. काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे ते सांगत नाही.

सॉल्व्हंटचे थेंब टाकून अर्धा मिनिट थांबायचं आणि कागदाने टिपायचं, की गोल खळगे पडून खालचे दोन-तीन रंग वर्तुळांत दिसतात. मात्र त्याच जागी पुन्हा पुन्हा केलं तर बांधणारं तेल आणि मेण धुऊन निघतं आणि उरते खडूसारखी भुकटी, जी बोटाला लागते.

भर घालण्याबाबत हे मीडियम उदार आहे, पण सगळंच खपवून घेत नाही. संगमरवराची बारीक पूड सर्वांत भरवशाची. मिश्रणाच्या एक चतुर्थांशापर्यंत घातली तर थर घट्ट, भिंतीच्या गिलाव्यासारखा होतो. त्याहून जास्त घातली की ठिसूळ होतो. वाळू धुऊन, पूर्ण वाळवून आणि चाळून घ्यावी, समुद्राची असेल तर मीठ निघेपर्यंत धुवावी. ग्रॅफाइटची पूड मेणात अप्रतिम दिसते. घासल्यावर तिला शिशाच्या पेन्सिलीचा झळाळ येतो. लाकडाची राख मात्र टाळावी. ती अल्कधर्मी असते, तेलाशी तिचा साबण होतो आणि थर कमजोर पडतो. सोनेरी ब्राँझ पावडरमध्ये तांबं असतं, तेलातल्या आम्लाने ते हिरवं पडतं. सोनेरी हवाच असेल तर अभ्रकावर आधारलेली पावडर घ्यावी. कोणतीही कोरडी भुकटी किंवा रंगद्रव्य मिसळताना मास्क लावावा, आणि कॅडमियमचं कोरडं रंगद्रव्य तर घरात उघडूच नये.

मेणावर अ‍ॅक्रिलिक किंवा पाण्याचा कुठलाही रंग धरत नाही, थेंब थेंब होऊन पळतो. ऑइल स्टिक (कांडीतला तैलरंग) आणि तेलातल्या रेघा छान बसतात.

या माध्यमाची खरी उणीव उष्णता आहे, आणि ती डब्यावर ठळकपणे लिहिलेली नसते. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवलेलं चित्र किंवा खिडकीच्या थेट उन्हातली भिंत या दोन्ही ठिकाणी पृष्ठभाग चिकट होतो, धूळ धरतो आणि ती मग निघत नाही. काही जण एन्कॉस्टिकच्या सवयीने यावर हीट गन किंवा ज्योतीचा ब्लो टॉर्च फिरवतात. ते अजिबात करू नये. मिश्रणात सॉल्व्हंट आहे, तो पेटतो, आणि तापलेल्या तैलरंगाच्या वाफा फुप्फुसात जातात. सॉल्व्हंटला वास नाही म्हणजे वाफही नाही, असं नसतं. खिडक्या उघड्या हव्यात आणि काम करताना नायट्राइलचे हातमोजे हवेत. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकणं सर्वांत धोक्याचं. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि दाबून ठेवलेल्या बोळ्यात ती उष्णता साठून तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा झाकणाच्या, पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात टाकाव्यात.

डबा उघडा राहिला तर वरचा भाग घट्ट होतो. त्यात थोडा मिनरल स्पिरिट घालून ढवळलं की परत मऊ होतो. पुन्हा बंद करताना प्लॅस्टिकची पातळ फिल्म पेस्टवर टेकवून मग झाकण लावावं. अंदाज म्हणून सांगायचं तर, निम्म्या प्रमाणात आणि सात-आठ थरांत काम करणाऱ्याला ४७३ मिलीचा डबा वाटतो त्यापेक्षा लवकर संपतो, कारण खरवडलेलं निम्मं मिश्रण पट्टीवरून कागदावर पुसलं जातं. स्वच्छ रंगाच्या सुरळ्या वेगळ्या जमवून पुढच्या चित्राच्या पहिल्या थरात वापरता येतात. राखाडी तयार होतो, पण चांगला राखाडी तयार होतो.

शेवटचा हात कसा द्यावा, यावर लोक गोंधळतात. वाळलेल्या मेणचित्रावर सॉल्व्हंटवालं व्हार्निश लावू नये, ते वरचा थर विरघळवतं. निव्वळ मेणाचा अगदी पातळ हात कापडाने फिरवावा, एक दिवस थांबावं आणि मऊ सुती कापडाने घासावं. गडद रंग मॅट असताना राखाडी दिसतात, कारण खडबडीत पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे उधळतो. घासल्यावर तो सपाट होतो आणि काळ्या-निळ्यात खोली परत येते. सगळीकडे सारखं घासलंच पाहिजे असं नाही. काही जागा मॅट ठेवून काही जागी चकाकी आणणं हा या मीडियमचा आवडावा असा गुण आहे. अ‍ॅक्रिलिकमध्ये त्यासाठी दोन वेगळ्या बरण्या लागतात.

चित्र बाहेर पाठवायचं असेल तर महिनाभर तरी धरू द्यावं, आणि तरीही बबल रॅप कधीही थेट पृष्ठभागावर लावू नये. त्याचे गोल ठसे दाबाने मेणात उमटतात आणि घासूनही जात नाहीत. आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, त्यावर पुठ्ठा, आणि पॅनेलच्या चारही कोपऱ्यांना फोमचे तुकडे असे लावावेत की पुठ्ठा चित्राला टेकणारच नाही.